मुलीच्या गोष्टीत चूल आली की तुमच्या पोटात का दुखतं?

मागच्या आठवड्यात याच भिंतीवर मी दोन ओळी टाकल्या होत्या. आपल्या वाचनालयाच्या बालविभागासाठी यंदा जी खरेदी झाली, त्यात नऊ ते तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात ठेवावी अशी एकसुद्धा कादंबरी नाही, आणि ती घ्यायला पाहिजे. खाली पाच-सहा पुस्तकांची नावं दिली होती. वाटलं होतं, चार जण अंगठा दाखवतील आणि विषय संपेल. पण फोन सुरू झाले. रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल लिहिलं तेव्हा एवढे फोन आले नव्हते.

एक फोन पुरोगामी मित्राचा. शिक्षक आहे, चळवळीतला आहे, मनाने चांगला आहे. म्हणाला, "तू दिलेली नावं बघितली. मुलगी, घर, आजी, स्वयंपाक, नवीन गाव. पन्नास वर्षं आपण पोरींना चुलीपासून उठवतोय आन् तू परत तिथंच बसवायलास?"

दुसरा फोन वाचनालयाच्या एका संचालकांचा. "साहेब, लोक पोलीस भरतीची पुस्तकं मागतात. गोष्टी वाचून कोण फौजदार झालंय?"

तिसऱ्याचं म्हणणं, ही सगळी बाहेरच्या देशातली पुस्तकं, आपल्या पोरींना त्याचं काय घेणंदेणं.

तिघांनाही फोनवर थोडं थोडं बोललो. आता सगळं एकदाच लिहितो, लांब झालं तर झालं.

आधी कशाबद्दल बोलतोय ते सांगतो. इंग्रजीत प्रकाशकांकडे एक वेगळा कप्पा असतो, त्याला 'मिडल ग्रेड' म्हणतात. चित्रांच्या पुस्तकातून बाहेर पडलेलं, पण प्रेमकथेपर्यंत न पोचलेलं लेकरू. साधारण आपली चौथी ते सातवी. या वयाला काल्पनिक गोष्ट नुसती ऐकायची नसते, तिच्यात आठ-दहा दिवस राहायचं असतं. आपल्याकडे याला कुमार साहित्य म्हणतात. शब्द चांगला आहे. फक्त त्यातला 'कुमार' आपण फारच मनावर घेतला.

कपाट आठवा. ताम्हनकरांचा गोट्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. साने गुरुजींचा श्याम. सगळे मुलगे. माझी यातल्या एकाशीही भांडणं नाहीत, मी याच पोरांबरोबर वाढलो. ताम्हनकरांनी 'चिंगी'सुद्धा लिहिली होती. पण गोट्याची मालिका झाली, फेणेची मालिका झाली, २०१७ मध्ये सिनेमाही झाला. चिंगी किती जणांना माहीत आहे? हात वर करा.

मुलगी आपल्या बालविभागात कुठं भेटते? चरित्रात. जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्याबाई, कल्पना चावला. प्रत्येकीच्या चार-चार पातळ पुस्तिका, मजकूर जवळपास एकच, मुखपृष्ठ वेगळं. या बायांपुढं मी नतमस्तक आहे. पण दहा वर्षांच्या पोरीला रोज फक्त थोर झालेली बाईच दाखवली, तर तिला एवढंच कळतं की थोर होईपर्यंत पोरीची गोष्ट लिहिण्यासारखी नसते. जिला अजून काहीच सिद्ध करायचं नाही, जिची भाकरी करपते, जिला आईचा राग येतो, जिला नव्या शाळेत कुणी शेजारी बसू देत नाही, अशी पोरगी त्या कपाटात नाही.

आता पुरोगामी मित्राकडे वळतो. कारण त्याचा मुद्दा सगळ्यात चांगला वाटतो आणि म्हणूनच सगळ्यात जास्त नुकसान तोच करतोय.

मी दिलेल्या नावांमध्ये 'हायडी' आहे. योहाना स्पिरी नावाच्या स्विस बाईने १८८० आणि १८८१ मध्ये दोन भागांत लिहिलेली. अनाथ पोरगी, मावशी तिला डोंगरावरच्या आजोबाकडे आणून सोडते. आजोबा जाळावर चीज भाजून पावावर घालतो, शेळीचं दूध देतो, आणि पोरगी तिथं रुजते. मग तीच मावशी तिला उचलून फ्रँकफर्टच्या एका श्रीमंत घरी नेऊन ठेवते, तिथल्या आजारी मुलीला सोबत म्हणून. तिथं जेवणाच्या टेबलावर रोज मऊ पांढरा पाव असतो. हायडी तो खात नाही. कपड्यांच्या कपाटात लपवते. का? तर डोंगरावर शेळ्या राखणाऱ्या पोराची आंधळी आजी आहे, तिला तो काळा कडक पाव चावत नाही. एक दिवस घरातल्या कडक बाईला कपाटात पावांचा ढीग सापडतो आणि ती तो फेकायला लावते.

आता सांगा, यात पोरीला चुलीशी कुठं बसवलंय? यात भूक आहे. कुणाच्या घरी मऊ पाव आणि कुणाच्या घरी कडक, हा हिशेब आहे. तो हिशेब आठ वर्षांची पोरगी करते आणि घरातल्या मोठ्या माणसांना तो कळतसुद्धा नाही. आपल्याकडे दात पडलेली म्हातारी शिळी भाकर दुधात नाहीतर आमटीत कुस्करून खाते, हे बघितलेल्या पोरीला हा प्रसंग समजावून सांगायला शिक्षक लागत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचं स्वित्झर्लंड मध्ये येत नाही. तिसऱ्या फोनचं उत्तरही यातच आलं, त्यासाठी वेगळा परिच्छेद वाया घालवत नाही.

दुसरं नाव होतं 'द नाइट डायरी'. वीरा हिरानंदानी या अमेरिकेतल्या लेखिकेचं, २०१८ चं. तिथल्या मानाच्या न्यूबेरी पदकाच्या यादीत २०१९ ला त्याला 'ऑनर' मिळाला. गोष्ट मात्र आपल्या उपखंडाची. १९४७, सिंधमधलं मीरपूर खास. बारा वर्षांची निशा. बाप हिंदू डॉक्टर, आई मुसलमान, पण आई तिच्या जन्माच्या वेळीच गेलेली. निशा फार कमी बोलते, लोकांसमोर तिचा आवाजच फुटत नाही. ती बोलते ते डायरीत, मेलेल्या आईशी. आणि बोलते स्वयंपाकघरात, काझी नावाच्या मुसलमान आचाऱ्याबरोबर, भाजी चिरताना, मसाला कुटताना. फाळणी होते. काझी तिकडेच राहतो, हे कुटुंब चालत वाळवंट ओलांडून जोधपूरकडे निघतं. पोरगी बरोबर काय नेते? काझीने दिलेला खलबत्ता.

माझ्या शिक्षक मित्रा, तुझ्या हिशेबाने हे पुस्तकही बाद. मुलगी आहे, स्वयंपाक आहे, नवीन गाव आहे. पण त्या पुस्तकातलं स्वयंपाकघर ही एकच जागा आहे जिथं तिला कुणी गप्प बस म्हणत नाही. चूल वाईट नसते रे. चुलीपुढं बसलेलीला दुसरं काही होताच येत नाही, ते वाईट. हा फरक दहा वर्षांच्या पोरीला कळतो, तुला का कळू नये? पोरगी रोज दोन तास ज्या जागेत असते ती जागाच गोष्टीतून काढून टाकली, तर तू तिला मुक्त नाही केलंस. तिच्या दिवसातले दोन तास सांगण्यासारखे नाहीत, एवढंच तिला शिकवलंस.

आणि हो, ही पुस्तकं पोरांनीही वाचावीत. भाकरी कशी होते हे ज्या पोराला सातवीपर्यंत माहीत नसतं, त्याला तर आधी द्यावीत. तो वेगळा भांडणाचा विषय, पुन्हा कधीतरी.

आता आपल्या तालुक्याचं. आपण बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली माणसं. दसरा झाला की टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायकोचा एक कोयता, आणि ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, लेकरं. पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरात कोपीत राहायचं. दहा-बारा वर्षांची पोरगी त्या कोपीत काय करते हे तुम्हाला मी सांगायला नको. पहाटे आईबाप फडात गेले की लहान भाऊ तिच्याकडे, पाणी तिच्याकडे, भाकरी तिच्याकडे. जी गावात आजीकडे राहते, तिच्याकडे आजी असते. मग पाडव्याच्या आगेमागे परत यायचं, परत शाळेत बसायचं, परत पहिल्यापासून.

नवं गाव, नवी माणसं, घर चालवणं, परकेपण, परत सुरुवात. जगभरच्या लेखिका या वयाच्या पोरींसाठी याच गोष्टी लिहितात. आणि ज्या पोरी हे दरवर्षी जगतात, त्यांच्या तालुक्याच्या वाचनालयात असलं एक पुस्तक नाही.

केली यांग नावाची लेखिका आहे. तिचं 'फ्रंट डेस्क' २०१८ मध्येच आलं. चीनमधून अमेरिकेत गेलेलं कुटुंब कॅलिफोर्नियातल्या एका मोटेलात राबतं. आईबाप खोल्या साफ करतात, दहा वर्षांची मिया गल्ल्यावर बसते. मालक ठरलेल्या पैशातून कापत राहतो. लेखिका स्वतः लहानपणी आईबापाबरोबर मोटेलं सांभाळत वाढली, म्हणून त्यात खोटी दया नाही. मिया पत्रं लिहायला शिकते, आणि पत्रं लिहून मोठ्या माणसांची कामं करून देते. उचलीचा हिशेब बापाला वाचून दाखवणाऱ्या पोरी आपल्या वाड्या-तांड्यांवर आहेत, मी बघितल्यात. त्यातल्या एकीच्या हातात हे पुस्तक मराठीत पडलं, तर तिला वाटेल की आपण घरातलं ओझं नाही, घरातलं डोकं आहोत. हे पोलीस भरतीच्या प्रश्नसंचातून येत नाही, संचालकसाहेब.

'नवी सुरुवात' या शब्दांवर जरा थांबतो. आपल्याकडे मुलीच्या आयुष्यात नवी सुरुवात कधी होते? लग्नात. नवं घर, नवी माणसं, काही घरांत नवं नावसुद्धा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पाचातली एक. हे राज्याचं सरासरी चित्र. आपल्या पट्ट्यातलं काय असेल, ते प्रत्येकाने आपल्या गल्लीत मोजावं. पोरीला स्वतःची सुरुवात दुसऱ्या कुठल्या प्रकारे होऊ शकते हे दिसलंच नाही, तर ती दुसरं मागणार कशी? मी असं म्हणत नाही की पुस्तकाने बालविवाह थांबतो. ग्रामसेवक, पोलीस आणि शिक्षक यांनी आपापलं काम केलं तर थांबतो. पण मागायला आधी शब्द लागतात, आणि नमुना लागतो.

नमुना म्हणजे ॲन. 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स', १९०८, कॅनडातली गोष्ट. म्हातारे बहीणभाऊ, शेतीच्या कामाला अनाथाश्रमातून मुलगा मागवतात. चुकीने येते मुलगी. स्टेशनवर उतरलेल्या पोरीला घरी आल्यावर कळतं की आपण नको होतो. पुढं सगळं पुस्तक हे की, नको असलेली पोरगी त्या घरात जागा कशी करते. त्यात एकदा पाहुण्यांसाठी केक करायला जाते आणि सर्दीमुळं वास न आल्याने इसेन्सच्या जागी अंगाला चोळायचं औषध ओतते. हसून हसून पुरेवाट होते. पण हसताना डोळ्यासमोर काय येतं? २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकोशी' आणि 'नकुसा' नावाच्या २८० हून जास्त मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली होती. बातमी देशभर गेली. नावं बदलली ते चांगलंच झालं. त्या मुलींच्या हातात तेव्हा हे पुस्तक कुणी दिलं असतं तर? शंभराहून जास्त वर्षांपूर्वी का असेना, जगाच्या दुसऱ्या टोकाला का असेना, नकोशी निघालेली एक पोरगी सगळ्या पुस्तकाची मालकीण आहे, हे त्यांना दिसलं असतं.

इथं एक तक्रार आपल्या प्रकाशकांबद्दल. हायडी, ॲन वगैरे मराठीत आलेली नाहीत असं नाही. पण बहुतेक वेळा हातात येतं ते 'संक्षिप्त रूपांतर'. तीनशे पानांची साठ पानं. आणि कात्री पहिल्यांदा कुठं चालते? जेवणावर, घरावर, आजीच्या बोलण्यावर. कारण करणाऱ्याला वाटतं की गोष्ट म्हणजे घटना. अमुक आली, तमुक गेली, शेवटी सगळे सुखी झाले. भाजलेल्या चीजचा वास काढला, कपाटातले पाव दोन ओळींत उरकले, की उरतं ते शाळेच्या धड्यासारखं काहीतरी. मग पोरगी ते मिटून ठेवते आणि आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना वाचनाची आवडच नाही. तुम्ही हाडं वाढलीत आणि म्हणता पोरगी जेवत नाही.

पूर्ण मराठी पुस्तक कसं चालतं याचं उदाहरण समोर आहे. 'तोत्तोचान'. कादंबरी नाही, आठवणी आहेत, पण मुलीसाठी फरक पडत नाही. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली जपानी पोरगी, रेल्वेच्या डब्यांत भरणारी नवी शाळा, आणि मुख्याध्यापकांचा नियम की प्रत्येकाच्या डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरातलं पाहिजे. डब्यात कमी पडलं तर मुख्याध्यापकांची बायको दोन भांडी घेऊन वाढत फिरायची. त्यामुळं गरिबाच्या डब्याला कुणी हसायचं नाही. नॅशनल बुक ट्रस्टने हे मराठीत आणलं, परवडेल अशा किमतीत. आमच्याकडच्या एका शाळेत बाईंनी हे वर्गात रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. त्यातली एक पोरगी, हंगामाहून फेब्रुवारीत परत आलेली, मला म्हणाली, "काका, त्या पुस्तकात डब्यात नुसता भात असला तरी कुणी बोलत नाय तिला." मी विचारलं, मग काय वाटलं? म्हणाली, "मग मी आपला डबा उघडून खाल्ला." शालेय पोषण आहारावर मी पंधरा वर्षांत पन्नासेक बातम्या केल्या असतील. डब्याबद्दल इतकं नेमकं मला एकाही अधिकाऱ्याने सांगितलेलं नाही.

आता पैशाचं, कारण शेवटी संचालक तिथंच येतात. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गाप्रमाणे अनुदान. हे अनुदान वर्षानुवर्षं एकाच जागी अडकलं होतं, २०२२ मध्ये सरकारने ते ६० टक्क्यांनी वाढवलं. तरी कमीच आहे, मान्य. ग्रंथपालाचा पगार म्हणजे थट्टा आहे, हेही मान्य, त्यावर मी स्वतंत्र लिहिलंय आणि परत लिहीन. राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडून पुस्तकं येतात ती वेगळी. पण जे काही पैसे पुस्तकांवर जातात, ते कुणासाठी जातात? तो पैसा सार्वजनिक आहे. म्हणजे वाड्यावरच्या त्या पोरीचाही आहे. तिच्या वाट्याला त्यातलं काय येतं? एक 'संस्कारकथा' आणि एक 'सामान्यज्ञान ५०००'.

"मुली येतच नाहीत वाचनालयात," असं मला सांगितलं गेलं. वेळ काय आहे वाचनालयाची? संध्याकाळी पाच ते आठ. पाच ते आठ या वेळात आपल्या घरातली अकरा वर्षांची पोरगी काय करत असते? कणीक मळते, भांडी घासते, लहान्याला खेळवते. पोरगा येतो, पेपर चाळतो, क्रिकेटचं पान वाचून जातो. ही वेळ कुणी मुद्दाम पोरींच्या विरोधात ठरवली नाही. पण ठरवताना एकाच्याही डोक्यात पोरगी आली नाही. शिवाय बालविभागाच्या कपाटाला कुलूप. चावी ग्रंथपालांच्या ड्रॉवरमध्ये. कपाटातली पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून. अहो, पुस्तक खराब झालं पाहिजे! बालविभागातलं पुस्तक तीन वर्षांनी कोरं करकरीत असेल, तर त्याचा अर्थ ते कुणी उघडलं नाही एवढाच.

तर संचालक मंडळाकडे माझी मागणी साधी आहे. बालविभागाच्या खरेदीतली निम्मी रक्कम अशा कादंबऱ्यांसाठी ठेवा जिथं मुलगी मध्यभागी आहे. मूळ मराठी मिळाली तर आधी ती, नाहीतर पूर्ण अनुवाद, संक्षिप्त नको. सातवीपर्यंतच्या लेकरांची अनामत माफ करा. रविवारी सकाळी दोन तास कपाट उघडं ठेवा, बसायला मी येतो, माझ्याबरोबर दोन निवृत्त बाई यायला तयार आहेत.

आणि एक पेटी करा. टोळीबरोबर जाणाऱ्या पोरींसाठी, दहा-दहा पुस्तकांची. पत्र्याची, कुलूप नसलेली. कोपीत पावसापाण्यात पुस्तकं जातील, चुलीच्या धुराने काळी होतील, दोन-चार हरवतील. हरवू द्या. मुकादम लाखांची उचल विश्वासावर देतो, आपल्याला दहा पुस्तकं देता येत नाहीत?

मराठीत लिहिणाऱ्यांनाही विनंती. माधुरी पुरंदरेंनी लहानग्यांसाठी 'राधाचं घर' केलं, ते बघा, घरातली साधी माणसं किती पुरतात. तेच पुढच्या वयासाठी कुणीतरी करा. कोपीतल्या पोरीची कादंबरी पुण्यातून दया करून लिहू नका. इथं या, चार महिने राहा. येसर कसा भाजतात, तीन दगडांच्या चुलीवर वाऱ्यात जाळ कसा धरतात, हे त्या पोरीकडून शिका आणि मग लिहा. पहिलं पुस्तक मी घेईन आणि मी पैसे देऊन घेईन, 'अभिप्रायार्थ' नको.

वार्षिक सभा दसऱ्याच्या आधी आहे. सभासद असाल तर या, आणि विषयपत्रिकेत 'आयत्या वेळचे विषय' येतात तेव्हा उठून जाऊ नका. मी तीस पुस्तकांची यादी केली आहे, किंमत आणि प्रकाशकासकट, आणि तिची एक प्रत ग्रंथपालांकडे दिली आहे. ट्रॅक्टर भरायला लागले की मग पेटी कुणाच्या ट्रॉलीत ठेवायची हे विचारायला माणूस सापडत नाही, तेव्हा जे करायचं ते पितृपक्षातच करावं लागेल. शुभकार्य नाही म्हणून कुणी अडवणार असेल, तर आत्ताच सांगा.